गिटारचा सूर नटपाशी का अडतो?

वाजवता वाजवता इलेक्ट्रिक गिटार बेसूर झाली की पहिला संशय खुंट्यांवर जातो. मात्र गिटारच्या खुंट्यांना दातेरी चाके असल्याने तारेच्या ताणाने त्या सहसा फिरत नाहीत. दोष बहुधा मानेच्या टोकाशी तारा खाचांतून पुढे नेणाऱ्या नट या पट्टीत असतो. तार खेचली की ती खाचेतून किंचित सरकते, आणि घर्षणामुळे पूर्ण मागे आली नाही तर सूर उतरलेला राहतो.

फेंडर कंपनीच्या १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये घोडीला जोडलेला हलता दांडा दाबला की सहाही तारा एकदम सैल पडत, त्यामुळे ही अडचण वाढली. दांडा सोडल्यावर तार नटपाशी अडकली तर सूर उतरण्याऐवजी चढतो. सहाही खुंट्या एका रांगेत असल्याने फेंडरच्या तारा नटमधून सरळ जात, पण हेडस्टॉक, म्हणजे खुंट्या असलेला मानेचा शेंडा, मागे झुकलेला नसल्याने पातळ तारा खाचेत दाबून ठेवायला धातूची पकड बसवावी लागली आणि घर्षणाची आणखी एक जागा तयार झाली. गिब्सन कंपनीच्या लेस पॉल गिटारचा हेडस्टॉक सुमारे १७ अंश झुकलेला होता, म्हणून तेथे पकड लागली नाही. परंतु खुंट्या दोन्ही बाजूंना तीन-तीन असल्याने मधल्या तारा नटपाशी बाजूला वळतात, आणि या गिटारवर ‘जी’ (G) सुराची तार हट्टी असल्याची वादकांची जुनी तक्रार बऱ्याच अंशी त्यातून आली आहे.

दागिने घडवण्याचे कसब असलेले अमेरिकी वादक फ्लॉइड रोझ यांनी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात तारा नटमध्येच आवळून टाकल्या; त्यांना १९७९ मध्ये पेटंट मिळाले. तार सरकतच नाही म्हटल्यावर खुंट्या निरुपयोगी ठरल्या, म्हणून पुढे घोडीवर, म्हणजे ब्रिजवर, बारीक सुरासाठी स्क्रू आले. तंबोऱ्याच्या मण्यांचे काम ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही. तार बदलणे मात्र किचकट झाले, आणि केवळ बोटांनी तार ओढणाऱ्याला एवढा खटाटोप अनाठायीच म्हणावा लागेल.

त्याच सुमारास वाद्यरचनाकार नेड स्टाइनबर्गर यांनी हेडस्टॉकच काढून टाकला. फेंडरने १९८७ च्या स्ट्रॅट प्लस गिटारमध्ये तार अडवण्याऐवजी ती मोकळी सरकू देण्याचा मार्ग धरला: रोलर असलेला नट, आणि तार खुंटीतच पकडणाऱ्या, वेढ्यांची गरज जवळपास संपवणाऱ्या स्पर्झेल खुंट्या. साध्या नटवर जाड तारांचा संच चढवला की खाचा अरुंद पडतात, आणि खुंटी पिळताना नटपाशी येणारा ‘टिंग’ आवाज तार अडकून सुटल्याचा असतो.