आवाज-ताण विश्लेषण

बोलणाऱ्याच्या आवाजातील सूक्ष्म फरक यंत्राने टिपून तो खरे बोलतो की खोटे, हे ठरवू पाहणारे तंत्र. ‘व्हॉइस स्ट्रेस ॲनॅलिसिस’ हेच नाव अधिक रूढ आहे. ध्वनिमुद्रणातला आवाज कोणाचा, हे ठरवणारी वक्ता-ओळख ही वेगळी शाखा. लाच किंवा खंडणीच्या प्रकरणातील फोनसंभाषणे मुंबईच्या कलिना येथील न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात, ती या ओळखीसाठी. बातम्यांत मात्र दोन्हींची सर्रास गल्लत होते.

अमेरिकी सैन्याच्या गुप्तवार्ता विभागातून निवृत्त झालेल्या अधिकाऱ्यांनी १९७० च्या सुमारास ‘सायकॉलॉजिकल स्ट्रेस इव्हॅल्युएटर’ हे यंत्र आणले. श्वास, नाडी, घाम यांवरून खोटे पकडू पाहणाऱ्या पॉलिग्राफला छातीला पट्टे आणि बोटांना तारा लावाव्या लागतात. इथे आवाजाची टेप पुरे, हे त्याचे मोठे आकर्षण. त्यामागचा तर्क असा : शरीराच्या स्नायूंत सेकंदाला ८ ते १२ वेळा बारीक कंप होत असतो. मनावर ताण आला की तो दबतो आणि ही खूण आवाजात उमटते. हाताच्या स्नायूंबाबत असा कंप खरोखर आढळतो. स्वरयंत्राच्या इवल्याशा स्नायूंतून तो बोलण्यात उतरतो, हे मात्र कोणी समाधानकारकपणे दाखवलेले नाही. शिवाय ताण म्हणजे खोटेपणा नव्हे. चौकीत बसवलेला निरपराध माणूसही घाबरतोच, आणि सराईत गुन्हेगार शांतपणे थापा मारू शकतो.

सर्वांत बोलकी चाचणी अमेरिकेतील ओक्लाहोमातल्या तुरुंगात झाली. नुकत्याच अटक केलेल्यांना अमली पदार्थांच्या सेवनाबद्दल विचारले आणि उत्तरे लघवीच्या तपासणीशी ताडून पाहिली. खोटे बोलणाऱ्यांपैकी जेमतेम १५ टक्के यंत्रांच्या हाती लागले. खरे बोलणाऱ्यांपैकी सुमारे साडेआठ टक्क्यांवर उगाच खोटेपणाचा शिक्का बसला. गंमत पुढे आहे. यंत्र लावलेले असताना सुमारे १४ टक्के लोक खोटे बोलले, तर यंत्राविना झालेल्या आधीच्या पाहणीत हे प्रमाण ४० टक्क्यांच्या घरात होते. यंत्राला खोटे कळत नव्हते, पण त्याची धास्ती काम करत होती. पोलिसांना ते हवेसे का वाटते याचे उत्तर बहुधा यातच आहे. ही धास्ती उलटतेही : कॅलिफोर्नियात १९९८ मध्ये बहिणीच्या खुनाच्या संशयावरून एका चौदा वर्षांच्या मुलाला या यंत्राचा धाक घालून कबुली वदवून घेतली गेली, पुढे तो निर्दोष ठरला.

इस्रायलमधील ‘लेयर्ड व्हॉइस ॲनॅलिसिस’ ही प्रणाली कंपाऐवजी ध्वनिलहरीतील ‘काटे’ (टोकदार चढउतार) आणि ‘पठारे’ (सपाट भाग) मोजते. अँडर्स एरिक्सन व फ्रान्सिस्को लासेर्दा या स्वीडनमधील ध्वनिशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दाखवले, की हे काटे बहुतांशी ध्वनीचे अंकांत रूपांतर होतानाच निपजतात. उत्पादक कंपनीने कायदेशीर कारवाईचा इशारा दिल्यावर प्रकाशकाने तो लेख संकेतस्थळावरून उतरवला. ब्रिटनमध्ये सरकारी भत्त्यांसाठी फोन करणाऱ्यांवर अशी प्रणाली काही वर्षे आजमावली गेली आणि २०१० मध्ये सोडून देण्यात आली.

भारतात ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ (२०१०) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पॉलिग्राफ, नार्को (औषधाने गुंगी आणून केलेली चौकशी) आणि मेंदूची विद्युत-चाचणी संमतीविना करणे घटनाबाह्य ठरवले. मनातले काढून घेणारी चाचणी म्हणून आवाज-ताण विश्लेषणालाही हाच न्याय लावायला हवा. तुलनेसाठी आवाजाचा नमुना देण्याची गोष्ट निराळी : तसा आदेश दंडाधिकारी देऊ शकतो, असे न्यायालयाने २०१९ मध्ये ‘रितेश सिन्हा’ प्रकरणात म्हटले आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४९ मध्ये आता तशी तरतूदही आहे.