डिरेक्टरीत जावा ऑब्जेक्ट : एरर ६५ येतो कुठून?

डिरेक्टरी सर्व्हरमध्ये, म्हणजे माणसं-खाती अशा नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरमध्ये, जावा ऑब्जेक्ट ‘बाइंड’ करायला, म्हणजे नाव देऊन ठेवायला, गेलं की तीनपैकी एक एरर नंबर हमखास भेटतो : १७, २१ किंवा ६५. पहिले दोन सरळ आहेत. १७ म्हणजे सर्व्हरला ॲट्रिब्यूटचं, म्हणजे नोंदीतल्या रकान्याचं, नावच ठाऊक नाही. २१ येतो तो ओपनएलडॅप या डिरेक्टरी सर्व्हरच्या ‘इनव्हॅलिड पर सिंटॅक्स’ या चकवणाऱ्या वाक्यासोबत. बहुतेक वेळा सिंटॅक्सचा तिथे काही संबंध नसतो. या नावाचा क्लास माझ्या स्कीमात, म्हणजे नोंदींच्या नियमावलीत, नाही, एवढंच त्याला सांगायचं असतं. दोन्हींवर उतारा एकच : जावाची स्कीमा फाइल चढवा. ६५ मात्र फाइल चढवल्यावरही येतो, आणि त्याची पाळंमुळं शोधायला बरंच मागे जावं लागतं.

१९८८ चा एक्स.५०० या डिरेक्टरी मानकांचा पसारा आणि त्यातून १९९३ मध्ये निघालेला एलडॅप हा सुटसुटीत प्रोटोकॉल, हा भाग इथे पळतच ओलांडू. त्यातलं एवढंच ध्यानात असू द्या की डिरेक्टरी घडली ती माणसं, खाती, विभाग यांच्या नोंदींसाठी. वाचन उदंड, लेखन क्वचित. चालत्या प्रोग्राममधला ऑब्जेक्ट उचलून तिथे ठेवायचा, हा विचार फार नंतरचा.

तो शक्य झाला १९९७ मध्ये. जावा १.१ सोबत सिरियलायझेशन आलं आणि ऑब्जेक्टची बाइटांची माळ करता येऊ लागली. त्याच वर्षी डिसेंबरात एलडॅपची तिसरी आवृत्ती आली. तिच्यात सर्व्हरने आपला स्कीमा क्लायंटला वाचायला द्यायची सोय होती. या दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे जेएनडीआय, जावातून डिरेक्टरीशी बोलायचा इंटरफेस. २००० मध्ये तो जावा १.३ च्या आतच येऊ लागला. त्याआधी, ऑक्टोबर १९९९ मध्ये, जावा ऑब्जेक्टची नोंद कशी असावी हे सांगणारा दस्तऐवज, आरएफसी २७१३, निघाला. कॉर्बा या, वेगवेगळ्या भाषांतले प्रोग्राम जोडणाऱ्या मानकाच्या, ऑब्जेक्टसाठी २७१४ त्याच महिन्यातला. दोन्हींचा दर्जा ‘माहितीपर’, म्हणजे पाळलाच पाहिजे असं कोणत्याही सर्व्हरवर बंधन नाही. म्हणूनच काही सर्व्हर हा स्कीमा पोटात घेऊन आले, काहींनी तो बाजूच्या फाइलीत ठेवला आणि काहींनी ढुंकूनही पाहिलं नाही.

खरा घोळ आहे ‘ऑब्जेक्ट क्लास’ या शब्दाचा. जावावाल्याच्या लेखी क्लास म्हणजे कोड : त्यात मेथड असतात, त्याच्यापासून ऑब्जेक्ट जन्माला येतात. डिरेक्टरीवाल्याच्या लेखी ऑब्जेक्ट क्लास म्हणजे निव्वळ नियमपत्रक. या प्रकारच्या नोंदीत कोणते ॲट्रिब्यूट असलेच पाहिजेत, कोणते चालतील, बास. त्यामुळे पडद्यावर ६५ सोबत ‘ऑब्जेक्ट क्लास व्हायोलेशन’ झळकलं की जावावाला आपला स्वतःचा क्लास उघडून बसतो, इंटरफेस नीट पाळलाय का बघतो, पुन्हा कंपाइल करतो. तक्रार त्या क्लासबद्दल नसतेच. मी स्वतः यात एक अख्खी दुपार घालवली आहे.

त्यात भर म्हणजे २७१३ ने दोन्ही अर्थ एकाच नोंदीत कोंबले. ‘जावाऑब्जेक्ट’ हा ॲबस्ट्रॅक्ट क्लास. तो स्वतःच्या बळावर उभा राहत नाही. ‘जावासिरियलाइज्डऑब्जेक्ट’, ‘जावामार्शल्डऑब्जेक्ट’ आणि ‘जावानेमिंगरेफरन्स’ हे ऑक्झिलरी, म्हणजे दुसऱ्या नोंदीवर चढवायचे. स्ट्रक्चरल, म्हणजे नोंदीचा कणा होऊ शकेल असा, एकटा ‘जावाकंटेनर’. त्याची अट एकच : ‘सीएन’ (कॉमन नेम) हवा. वर ‘जावाक्लासनेम’ नावाचा ॲट्रिब्यूट आहे, आणि त्यातला क्लास मात्र खरोखर जावाचा! एकाच नोंदीत ‘क्लास’ हा शब्द दोन भाषा बोलतो.

आता प्रत्यक्ष चूक बघा. प्रोग्रामरने काही सांगितलं नाही तर जेएनडीआय गुपचूप ‘टॉप’ आणि ‘जावाकंटेनर’ हे ऑब्जेक्ट क्लास लावतो. नोंदीचं नाव ‘सीएन=रांग’ असेल तर सगळं सुरळीत. तेच ‘ओयू=रांग’ (ओयू म्हणजे विभागाचं नाव) ठेवलं की ६५, कारण जावाकंटेनरला सीएन मिळाला नाही आणि ओयू त्याच्या यादीत नाही. कुणी हौसेने ‘पर्सन’ आणि ‘जावाकंटेनर’ दोन्ही लावले तरी ६५. एका नोंदीला दोन कणे चालत नाहीत. पर्सनच्या नोंदीवर नुसता ‘जावासिरियलाइज्डऑब्जेक्ट’ चढवला आणि आडनावाचा ‘एसएन’ भरला, तर तीच नोंद बिनबोभाट आत जाते.

मग सगळे सर्रास करत होते तो उपाय आला : ‘स्कीमाचेक ऑफ’, म्हणजे नियमांची तपासणीच बंद. कॉन्फिगरेशनच्या फाइलीत एक ओळ, सर्व्हर पुन्हा सुरू, एरर गायब. त्या काळातल्या शिकवण्यांमध्येही हा पर्याय सांगितलेला असायचा, आणि शिकणाऱ्याला पहिलं उदाहरण चालताना दिसावं म्हणून तो समजण्यासारखाही होता. पण तात्पुरती ओळ काढायला कोण परत जातो? माझ्या मते या सगळ्या कहाणीतला सर्वांत महागात पडलेला निर्णय हाच. ओपनएलडॅपच्या २.१ पासून ‘प्रत्येक नोंदीला एकच कणा’ हा नियम कडक झाला, आणि जुन्या सर्व्हरची स्लॅपकॅट या साधनाने काढलेली प्रत नव्यात भरताना स्लॅपॲड हा भरणारा प्रोग्राम ‘स्ट्रक्चरलऑब्जेक्टक्लास नाही’ म्हणून अडून बसू लागला. बिनकण्याच्या नोंदी हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. पुढे तपासणी बंद करायची ती सोयच काढून टाकली गेली. आरडाओरडा झाला, पण सर्व्हरचं बरोबर होतं.

२००५ च्या २.३ आवृत्तीत कॉन्फिगरेशन खुद्द डिरेक्टरीतच, ‘सीएन=कॉन्फिग’खाली, ठेवायची सोय झाली. स्कीमा चालू सर्व्हरवर चढवता येऊ लागला, पण स्कीमा फाइल जोडणारी ‘इन्क्लूड’ची जुनी ओळ मुकाट्याने निष्प्रभ ठरण्याचा नवा प्रकारही सुरू झाला : माणूस जुनी फाइल बदलत बसतो आणि सर्व्हर वाचतो भलतीकडचं. तीच व्याख्या दोनदा आली तर ‘डुप्लिकेट ॲट्रिब्यूटटाइप’ म्हणून सर्व्हर उठायचंच नाकारतो. तेव्हा आधी हाताने लिहिलेल्या व्याख्या शोधून काढायच्या.

नोंद आत गेल्यावर ती उघडून बघावी. ‘जावासिरियलाइज्डडेटा’पुढे दोन अपूर्णविराम (::), म्हणजे मजकूर बेस६४ मध्ये, बाइट साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत. सुरुवात कायम तीच असते, कारण जावाच्या प्रत्येक सिरियलाइज्ड माळेचे पहिले चार बाइट एसी, ईडी, ००, ०५ असे ठरलेले आहेत. ही माळ क्लासच्या त्या दिवशीच्या रूपाला बांधलेली असते. पुढे क्लास बदलला आणि आवृत्तीचा आकडा जुळला नाही की वाचताना ‘इनव्हॅलिडक्लास’चा अपवाद येतो, आणि दोष पुन्हा डिरेक्टरीच्या माथी मारला जातो. म्हणून जाणकार लोक रेफरन्स ठेवायचे : ऑब्जेक्ट नाही, तो कसा बनवायचा याचा पत्ता. मीही तोच सल्ला द्यायचो.

या सल्ल्याला तडा गेला २०१६ मध्ये. डिरेक्टरीतून आलेल्या नोंदीच्या जोरावर समोरच्या यंत्रात हवा तो कोड कसा चालवता येतो, हे एका सुरक्षा परिषदेत दाखवलं गेलं. हत्यार कोणतं? १९९९ चेच ॲट्रिब्यूट, ‘जावाफॅक्टरी’ (ऑब्जेक्ट बनवणाऱ्या क्लासचं नाव) आणि ‘जावाकोडबेस’ (त्याचा कोड मिळायचा पत्ता). ऑक्टोबर २०१८ मध्ये जावा ८ च्या अपडेट १९१ आणि ११.०.१ मध्ये परक्या पत्त्यावरून फॅक्टरीचा कोड आणणं मुळातच बंद झालं. तरी डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरशेल, म्हणजे लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या जावा लायब्ररीतलं भगदाड, उद्भवलंच. लॉगमध्ये लिहिलेल्या एका ओळीवरून लायब्ररी थेट जेएनडीआयचं लुकअप (नावावरून ऑब्जेक्ट शोधून आणणं) करत होती, आणि जुन्या जावावर परका कोड सरळ चालत होता. नव्या जावावर हल्लेखोर सिरियलाइज्ड माळेकडे किंवा यंत्रात आधीच असलेल्या फॅक्टऱ्यांकडे वळले.

२०२३ च्या जावा २० पासून डिरेक्टरीतल्या सिरियलाइज्ड माळेवर विश्वास ठेवायचा की नाही, याचं मूळ उत्तर ‘नाही’ असं आहे. त्यामुळे आता स्कीमा अचूक, कणा जागेवर, परवानग्या बरोबर, बाइंड पहिल्या झटक्यात यशस्वी, आणि लुकअप केलं की ‘ऑब्जेक्ट डीसिरियलायझेशन इज नॉट अलाउड’. अशा वेळी सर्व्हरचे लॉग चाळू नका. तिथे शोध यशस्वी झाल्याचीच नोंद सापडेल.