जाळ्यात चुकून सापडणारे जीव आणि आमच्या दुकानातील मासळी : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मासळी ताजी आहे ना, हा प्रश्न आमच्याकडे पूर्वीपासून विचारला जातो. अलीकडे मात्र ‘ही पकडताना डॉल्फिन मरतात का?’ असेही काही ग्राहक विचारू लागले आहेत. रविवारी सकाळच्या गर्दीत याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, आणि दिलेच तर ते अर्धवट ठरते, म्हणून हे पत्रक छापले आहे. बडोद्याला समुद्र नाही. आमची बहुतेक मासळी सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरील वेरावळ, पोरबंदर आणि जाफराबाद या बंदरांवरून बर्फाच्या पेट्यांतून रात्रीच्या प्रवासाने येते, आणि होडीवर आमचे कोणी नसते. त्यामुळे आम्हाला काय सांगता येते आणि आमची हमी कुठे संपते, हे दोन्ही येथे स्पष्ट केले आहे.

पापलेट हातात घेऊन कल्ल्याच्या झाकणामागे नीट पाहिले, तर अनेकदा अंगाला वेढणारा एक बारीक वळ दिसतो आणि तेवढ्या पट्ट्यातली चंदेरी चमक निघून गेलेली असते. हा गिलनेटचा, म्हणजे कल्ल्यात अडकवणाऱ्या जाळ्याचा वळ आहे. नायलॉनचे हे बारीक जाळे पाण्यात पडद्यासारखे उभे सोडतात. मासा आसात, म्हणजे जाळ्याच्या छिद्रात, डोके घालतो, पुढे जाऊ शकत नाही आणि मागे वळताना कल्ल्यांनी अडकतो. आसाच्या मापामुळे लहान मासे निसटतात, हा या जाळ्याचा गुण आहे. परंतु रात्रभर पाण्यात राहणारा हा पडदा डॉल्फिनला वेळेवर जाणवत नाही. डॉल्फिन हा मासा नसून फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी असल्यामुळे त्याला दर काही मिनिटांनी पृष्ठभागावर यावेच लागते. शेपूट किंवा पर जाळ्यात गुंतला की तो पाण्यातच गुदमरून मरतो. कुप्यासाठी, म्हणजे ट्यूनासाठी, खोल समुद्रात सोडल्या जाणाऱ्या गिलनेटमुळे हिंद महासागरात 1950 ते 2018 या काळात सुमारे 41 लाख लहान डॉल्फिनवर्गीय प्राणी सापडले असावेत, असा संशोधकांचा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. ही जाळी वापरणाऱ्या प्रमुख देशांत इराण, पाकिस्तान, श्रीलंका यांच्याबरोबर भारतही आहे, हे आम्हाला सांगितलेच पाहिजे.

यावरचा आमच्या मते सर्वात व्यवहार्य उपाय आपल्याच अरबी समुद्रात तपासला गेला आहे. पाकिस्तानच्या ट्यूना होड्यांवर जाळ्याची वरची कड पाण्याच्या पृष्ठभागाला न ठेवता सुमारे 2 मीटर खाली ठेवून पाहण्यात आली. डॉल्फिन बराचसा वेळ पृष्ठभागाजवळ वावरतात आणि ट्यूना त्याहून खालीही मिळतो, एवढाच यामागचा हिशेब. डॉल्फिन अडकण्याचे प्रमाण पुष्कळ घटले आणि त्या मानाने मासळीचे नुकसान थोडे झाले. जाळे नवे घ्यायचे नाही, फक्त तरंडांपासून जाळ्यापर्यंतची दोरी लांब करायची. होडीवाल्याला परवडेल असा उपाय तो हाच. जाळ्यावर लावायची, ठरावीक अंतराने आवाज करणारी ‘पिंगर’ यंत्रेही आहेत. उत्तर अटलांटिकमधील पॉर्पॉइज या लहान प्राण्यांसाठी त्यांचा चांगला उपयोग झाला आहे, पण सगळ्या जातींवर त्यांचा सारखा परिणाम होत नाही, आणि मासे खाणारा सील हा सागरी सस्तन प्राणी तर तो आवाज ऐकून जेवणाची वेळ झाली असे समजून उलट जाळ्याकडे येऊ शकतो.

समुद्रपक्ष्यांची गोष्ट वेगळी आहे आणि तिचा संबंध आमच्या बर्फाच्या पेटीपेक्षा फडताळावरच्या डबाबंद ट्यूनाशी अधिक आहे. मैलोन्‌मैल लांबीच्या एका दोराला हजारो गळ लावून ट्यूना पकडतात. तो दोर होडीमागे सोडताना आमिष लावलेले गळ बुडेपर्यंत काही क्षण वर तरंगतात, आणि त्यावर झडप घालणारा अल्बट्रॉस गळासकट खाली ओढला जातो. हा पक्षी एका वेळी एकच अंडे घालतो, त्यामुळे थोड्या पक्ष्यांचे मरणही त्या जातीला जड जाते. जगातील अल्बट्रॉसच्या 22 जातींपैकी बहुतेक संकटात आहेत. उपाय मात्र साधे आहेत : गळ रात्री सोडणे, ते लवकर बुडावेत म्हणून दोराला वजन लावणे, आणि होडीच्या मागे रंगीत पट्ट्या फडफडणारा दोर बांधून पक्ष्यांना लांब ठेवणे. 25 अंश दक्षिण अक्षांशाच्या खाली दोर-गळाने मासेमारी करणाऱ्या जहाजांनी या तिन्हींपैकी किमान दोन उपाय केलेच पाहिजेत, किंवा त्याऐवजी गळाचे टोक झाकणारे साधन वापरले पाहिजे, असा हिंद महासागर ट्यूना आयोगाचा नियम आहे. नामिबियाने 2015 मध्ये पट्ट्यांचा दोर सक्तीचा केल्यावर तेथील दोर-गळाच्या मासेमारीतील पक्ष्यांचे मृत्यू सुमारे 98 टक्क्यांनी घटले.

डब्यावरील ‘डॉल्फिन सेफ’ या शिक्क्याविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पूर्व प्रशांत महासागरात पिवळ्या पराच्या ट्यूनाचे थवे डॉल्फिनच्या खालून पोहतात, म्हणून तेथे डॉल्फिनलाच घेरून जाळे आवळले जाई. त्याविरुद्धच्या लोकक्षोभातून 1990 मध्ये अमेरिकेत हा शिक्का आला. पक्ष्यांविषयी तो काहीही सांगत नाही. लक्षद्वीपमध्ये आणि मालदीवमध्ये काठी-गळाने एकेक ट्यूना वर काढतात, त्यात डॉल्फिन किंवा पक्षी सापडण्याचा प्रश्न जवळजवळ येतच नाही. आम्हाला निवड करता आली तर आम्ही तोच डबा ठेवतो.

सौराष्ट्रातील होडीवाल्यांना केवळ दोष देणे आम्हाला मान्य नाही. डॉल्फिन आणि देवमासे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या, अनुसूचीत असल्याने, जाळ्यात मेलेला प्राणी दिसला तर कारवाईच्या भीतीने तो गुपचूप समुद्रात टाकून देण्याकडे कल असतो, आणि मग त्याची कुठेच नोंद होत नाही. याच किनाऱ्यावर पूर्वी व्हेल शार्क हा प्रचंड आकाराचा मासा यकृताच्या तेलासाठी मारला जाई. 2001 मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पुढे रामकथाकार मोरारी बापूंनी त्याला सासरहून माहेरी येणाऱ्या लेकीची, ‘व्हाली’ची म्हणजे लाडकीची, उपमा दिली, आणि त्याला सोडवताना कापाव्या लागलेल्या जाळ्याची भरपाई वनखाते देऊ लागले. तेव्हापासून मच्छीमारांनी स्वतःहून जाळी कापून शेकडो व्हेल शार्क सोडले आहेत. महाराष्ट्रातही डिसेंबर 2018 पासून संरक्षित प्राणी सोडवताना फाटलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळे हीच ज्याची पुंजी आहे, त्याच्याशी या भाषेत बोलणे आम्हाला अधिक योग्य वाटते.

आमच्या दुकानातील भावाच्या फळ्यावर आता प्रत्येक मासळीपुढे एक अक्षर लिहिलेले असेल. ‘ग’ म्हणजे गळाने पकडलेली, ‘ज’ म्हणजे गिलनेटची, ‘ड’ म्हणजे भरती-ओहोटीच्या प्रवाहात रोवलेल्या डोल जाळ्याची, जसे जाफराबादचे बोंबील. आणि ‘त’ म्हणजे तळ्यात वाढवलेली, जशी दक्षिण गुजरातची कोळंबी. गळाची सुरमई किलोमागे थोडी महाग पडते आणि रोज येत नाही. ‘ज’ लिहिलेल्या पेटीत डॉल्फिनचा जीव गेलाच असे नाही, आणि गेला नाही अशी हमी आम्ही देत नाही. ज्या मासळीपुढे अक्षर नसेल, तिच्याविषयी बंदरावरील दलालाला सांगता आलेले नाही असे समजावे.