अक्षय ऊर्जेचं बंधन: मोजायचे मेगावॅट की युनिट?

नागपूरजवळच्या कोराडी औष्णिक केंद्राचा 660 मेगावॅटचा, कोळशावरचा एक संच सरासरी 70 टक्के भाराने चालला, तर दिवसाला साधारण 1.1 कोटी युनिट वीज देतो. तेवढ्याच क्षमतेच्या सोलरमधून, किलोवॅटमागे रोजचे 4 युनिट धरले, तर 26 लाख मिळतात. आकडा वर्षाच्या सरासरीचा. पावसाळ्यात तो खाली येतो. मे महिन्यात नागपूरचं ऊन पॅनलला मानवतं, हा समजही अर्धाच खरा. 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशामागे पॅनलची ताकद 0.3 ते 0.4 टक्क्यांनी घटते, आणि 45 अंशांच्या दुपारी गच्चीवरचं पॅनल सहज 65च्या पुढे तापतं. म्हणजे 14-15 टक्के वीज तिथेच गेली, धूळ वेगळी.

देशांवर अक्षय ऊर्जेचं उद्दिष्ट लादावं का, या वादात मेगावॅट सारखे असले तरी युनिट सारखे नसतात, हा हिशेब सहसा येत नाही.

वाद पेटला तो 2002 मध्ये, संयुक्त राष्ट्रांच्या जोहान्सबर्ग इथल्या शाश्वत विकास परिषदेत. 2010 पर्यंत जगाच्या ऊर्जेत अक्षय वाटा 15 टक्के करावा, असं युरोपीय संघाचं म्हणणं होतं. ब्राझीलने 10 टक्के सुचवले. अमेरिका आणि तेल निर्यातदार देश आडवे आले. मसुद्यात उरलं ते ‘वाटा भरीव वाढवा’ एवढंच, ना आकडा ना मुदत.

त्याआधीच्या 1997च्या क्योटो कराराने बंधन घातलं होतं, पण ते उत्सर्जनावर आणि फक्त विकसित देशांवर. अमेरिकेने त्याला मंजुरीच दिली नाही आणि 2011 मध्ये कॅनडाने बाहेर पडण्याची नोटीस दिली. शिक्षेची भीती दाखवली की सभासदच निघून जातो, हा धडा 2015च्या पॅरिस कराराने पाठ केला: योजना सादर करणं सक्तीचं, ती पुरी करणं नाही.

खरं बंधन एकदाच झालं, तेही युरोपात. युरोपीय संघाच्या 2009च्या निर्देशाने प्रत्येक सदस्य देशाला 2020चा आकडा दिला. माल्टाला 10 टक्के, स्वीडनला 49. मोजमाप स्थापित क्षमतेचं, म्हणजे उभारलेल्या मेगावॅटचं नव्हे, प्रत्यक्ष वापरलेल्या ऊर्जेचं. नेदरलँड्सला तूट भरायला डेन्मार्ककडून जादा वाटा कागदोपत्री विकत घ्यावा लागला. फ्रान्स 23 ऐवजी 19.1 वर अडकला. तरीही पुढच्या टप्प्यात देशनिहाय सक्ती सोडली गेली. 2030चा आकडा फक्त पूर्ण संघावर आहे.

भारताने पॅरिसमध्ये 2030 पर्यंत विजेत 40 टक्के बिगर-जीवाश्म (कोळसा, तेल, वायू सोडून) वाटा कबूल केला, 2022 मध्ये तो 50 केला. दोन्ही वेळा टक्के स्थापित क्षमतेचे. 2025 मध्ये 50 गाठलेही, पाच वर्षं आधी. पण वीज अजून मुख्यतः कोळशातूनच येते.

देशातली सक्ती मात्र युनिटवर आहे. वीज कायदा 2003 ने राज्य वीज नियामक आयोगांना वितरण कंपन्यांवर अक्षय खरेदीचा वाटा ठरवण्याचा अधिकार दिला. कमी पडलं तर 2010 पासून अक्षय ऊर्जेची प्रमाणपत्रं विकत घेण्याची सोय आहे, एकामागे 1,000 युनिट. 2023च्या अधिसूचनेनुसार हा वाटा 2024-25 मध्ये 29.91 टक्के, 2029-30 मध्ये 43.33, आणि चुकल्यास ऊर्जा संवर्धन कायद्याखाली दंड. चाप बसेल तर इथेच बसेल.

कोराडीत 660चे आणखी दोन संच उभारण्याच्या प्रस्तावावर मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली. जगाला दिलेल्या वचनाने असे संच अडत नाहीत. तितक्याच मेगावॅटचं सोलर कुठेही उभं राहिलं की क्षमतेतला वाटा ढळत नाही.