गर्दी ओरडते तेव्हा पटवाला कमावतो

बर्म्युडात जुलै सरताना किंवा ऑगस्ट लागताना दोन दिवस सगळ्यांचे पाय क्रिकेटच्या मैदानाकडे वळतात. सेंट जॉर्जेस विरुद्ध सॉमरसेट, म्हणजे ‘कप मॅच’. पण मैदानाच्या कडेला तंबूत वेगळाच डाव रंगलेला असतो : क्राउन अँड अँकर. ब्रिटिश खलाशांचा हा जुना जुगार. पटावर सहा घरं : मुकुट, नांगर, बदाम, चौकट, किलवर, इस्पिक. प्रत्येक फाशाच्या सहा बाजूंवरही हीच चित्रं. आपल्याकडचा झंडीमुंडा याच घराण्यातला. तिथे बहुधा सहा फासे असतात, इथे तीन.

हिशेब सोपा जावा म्हणून रुपयांत खेळू. बदामावर एक रुपया लावला. एका फाशावर बदाम आला तर रुपया परत आणि वर एक, दोन फाशांवर आला तर वर दोन, तिन्हींवर आला तर वर तीन. एकही नाही आला तर रुपया गेला.

घरं सहा, फासे तीन, म्हणजे जिंकायची शक्यता निम्मी, असं मनात येतंच. शिवाय दोन-तीन बदाम पडले तर जास्तीचे पैसे! मलाही सुरुवातीला हा खेळ खेळणाऱ्याच्याच फायद्याचा वाटला होता.

आता मोजू. तीन फासे ६ × ६ × ६ = २१६ तऱ्हांनी पडतात. त्यांपैकी ५ × ५ × ५ = १२५ तऱ्हांत बदाम कुठेच नसतो. एकच बदाम ७५ तऱ्हांत, दोन १५ तऱ्हांत, तीन फक्त एका तऱ्हेत. म्हणजे जिंकायच्या तऱ्हा ९१, निम्म्याहून बऱ्याच कमी. प्रत्येक तऱ्हा एकदा पडली असं धरलं, तर मिळकत ७५ + ३० + ३ = १०८ रुपये आणि तोटा १२५. २१६ डावांत १७ रुपये गेले, म्हणजे रुपयामागे जवळपास आठ पैसे. यालाच अपेक्षित मूल्य म्हणतात. १६५७ साली हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सने ही कल्पना पुस्तकरूपाने मांडली. एका डावात कुणाचेच आठ पैसे जात नाहीत. एकतर रुपया जातो किंवा काही मिळतं. पण पट मांडून पैसे घेणाऱ्या-देणाऱ्या पटवाल्यासमोर दिवसभरात शेकडो डाव होतात, आणि डाव वाढत जातात तशी त्याची सरासरी या आठ पैशांकडे सरकत जाते.

हे आठ पैसे नेमके येतात कुठून? मला या खेळातली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते. सहाही घरांवर एकेक रुपया आहे असं समजा. तीन फाशांवर तीन वेगळी चित्रं पडली, तर पटवाला तीन हरलेल्यांचे रुपये घेतो आणि तीन जिंकलेल्यांना देतो. हातात शून्य. जोडी पडली, की तो चार गोळा करतो आणि दोन अधिक एक असे तीनच देतो. एक रुपया खिशात. तिन्ही चित्रं सारखी पडली, तर पाच घेऊन तीन देतो. दोन खिशात.

जोडी पडली की तंबूत आरडाओरडा होतो, तिन्ही सारखे पडले की लोक उड्या मारतात. पटवाल्याची कमाई फक्त त्याच डावांत असते.

जोडीला दोनाऐवजी तीन आणि तिन्ही सारख्यांना तीनाऐवजी पाच असा दर ठेवला, तर ७५ + ४५ + ५ = १२५. मिळकत आणि तोटा अगदी बरोबरीत. मग सहाही घरं भरलेली असताना कुठल्याही डावात पटवाल्याच्या हाती एक पैसाही उरणार नाही.