ताप-पुरळ सर्वेक्षण (ठाणे, नवी मुंबई)

ताप-पुरळ सर्वेक्षण : अंगात ताप आणि अंगावर पुरळ असलेले प्रत्येक मूल गोवर-रुबेलाचे संशयित रुग्ण धरून त्याची नोंद, रक्ततपासणी आणि आसपासच्या घरांची पाहणी करण्याची पद्धत. पूर्वी ताप-पुरळाबरोबर खोकला, सर्दी किंवा लाल डोळे यांपैकी एखादे लक्षण असावे लागे. आता ताप आणि पुरळ एवढे पुरे आहे. पाण्याने भरलेले फोड असतील तर त्या कांजिण्या, त्या यात धरत नाहीत.

एवढी घाई करण्यामागे गोवराचा स्वभाव आहे. पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासूनच मूल रोग पसरवत असते आणि लस न घेतलेल्या वस्तीत एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होऊ शकते. प्रयोगशाळेच्या निकालाची वाट पाहत बसले तर चाळीतली पुढची मुले आजारी पडलेली असतात.

सर्वेक्षणाचा सगळा भार एका तारखेवर असतो : पुरळ कधी उठले? रक्तनमुना त्या दिवसापासून २८ दिवसांच्या आत घ्यायचा, घशातील स्राव शक्यतो ७ दिवसांत, आणि मुलाला इतर मुलांपासून वेगळे ठेवायचे ते पुरळानंतरचे ४ दिवस. आईला मात्र तारीख आठवत नाही. ‘संकष्टीच्या आदल्या दिवशी कानामागे लाल दिसलं,’ असे ती सांगते. आशाताई भिंतीवरच्या दिनदर्शिकेत संकष्टी शोधते, एक दिवस मागे जाते आणि मग रकाना भरते. त्यानंतरचा प्रश्न त्याआधीच्या ७ ते २१ दिवसांचा : गावी गेला होतात का, लग्नाला गेला होतात का, घरी कोणी पाहुणे आले होते का? मूल उशिरा सापडले तर लाली गेलेली असते. तपकिरी पडलेली, कोंड्यासारखी सुटणारी त्वचा बघून ओळखावे लागते.

एका भागात ४ आठवड्यांत ५ संशयित रुग्ण आढळले किंवा संशयित गोवराने एकही मृत्यू झाला, तर तो संभाव्य उद्रेक समजतात. ही मोजणी रुग्णाच्या राहत्या पत्त्यावर होते, आणि इथेच ठाणे पट्ट्यातली खरी अडचण आहे. जिल्ह्यात ६ महापालिका एकमेकींना चिकटून आहेत. दिघा नवी मुंबईत, त्याला लागून असलेले विटावा ठाण्यात. दिघ्यातले आजारी मूल कळव्याच्या ठाणे महापालिका रुग्णालयात दाखल झाले, तर नोंद एका पालिकेच्या दारात आणि विषाणू दुसरीच्या वस्तीत अशी गत होते. रुग्णालयाने त्याच दिवशी दुसऱ्या पालिकेला कळवले तरच पुढची पाहणी वेळेत होते. ‘पाण्याच्या टाकीमागे, तिसरी गल्ली’ एवढाच पत्ता असलेल्या वस्तीत घर शोधण्यात आणखी वेळ जातो. नाक्यावर काम शोधणारी कुटुंबे तर काम संपले की खोलीच बदलतात. म्हणून यादीत पत्त्याबरोबर जवळची खूण आणि मोबाइल क्रमांक असणे फार मोलाचे आहे.

२०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात गोवराचा मोठा उद्रेक झाला. ठाणे जिल्ह्यातील भिवंडीतही रुग्ण वाढले. करोनाच्या काळात नियमित लसीकरणातून सुटलेली मुले यात अधिक सापडली. नियमित मात्रा ९ ते १२ महिने आणि १६ ते २४ महिने या वयात देतात; उद्रेकाच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना जादा मात्रा देण्याची सूचना केंद्राने केली. जिथे ९ महिन्यांखालील रुग्ण १० टक्क्यांहून अधिक होते, तिथे ६ महिने पूर्ण झालेल्या बाळांनाही एक मात्रा देण्यास सांगितले गेले.

या कामाची घडी पोलिओच्या वेळी बसली. १५ वर्षांखालील मुलाचा हात-पाय अचानक लुळा पडला की १४ दिवसांत, किमान २४ तासांच्या अंतराने शौचाचे २ नमुने घेण्याची शिस्त तेव्हापासूनची. देशातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला, तरी ती शोधमोहीम आजही चालू आहे. त्याच शिस्तीतून ‘निरंक अहवाल’ आला : रुग्ण नसला तरी दर आठवड्याला ‘शून्य’ लिहून पाठवायचे. कागद न येणे आणि शून्य येणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दाट वस्तीतून महिनोन्‌महिने शून्यच येत असेल, तर तिथे आधी जाऊन बघावे. मुंब्रा, तुर्भे, रबाळे अशा भागांत तापाचे मूल प्रथम गल्लीतल्या खाजगी डॉक्टरांकडेच जाते. त्यांनी कळवले नाही तर यंत्रणेला काही कळत नाही.

बरीच मुले डॉक्टरांपर्यंतही पोहोचत नाहीत. गोवर ‘बाहेर पडू द्यावा’, औषध देऊ नये, ही समजूत अजून घट्ट आहे. उंबऱ्यावर कडुलिंबाचा डहाळा दिसला की अनुभवी आशाताई दार वाजवते आणि त्या डहाळ्याला नावे न ठेवता बाळाची विचारपूस करते. रुग्ण सापडला की जीवनसत्त्व अ च्या २ मात्रा लागोपाठच्या २ दिवशी द्यायच्या असतात : ६ ते ११ महिन्यांच्या बाळाला प्रत्येकी १ लाख एकक, वर्षापुढच्या मुलाला २ लाख. डोळे आणि जीव दोन्ही वाचवण्यासाठी हे गरजेचे आहे. दुसऱ्या मात्रेसाठी त्याच दारात पुन्हा जावे लागते. शेजारच्या खोल्यांतली मुले तेव्हा आणखी एकदा पाहून घेता येतात.