लिव्ह अँड लायसन्स

आपली जागा दुसऱ्याला ठरावीक मुदतीसाठी फक्त वापरायला देण्याचा, मुंबईत सर्रास होणारा करार. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार लायसन्स म्हणजे निव्वळ परवानगी. तिने जागेत हक्क निर्माण होत नाही. भाडेकरूला मात्र हक्क मिळतो. सगळे रामायण या फरकावरून घडले.

मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने (१९४७) जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली आणि भाडेकरूला घराबाहेर काढणे जवळजवळ अशक्य केले. मग मालकांनी शब्द बदलले. भाड्याचे ‘कॉम्पेन्सेशन’ झाले, भाडेकरूचा ‘लायसन्सी’. खोली तीच, किल्लीही त्याच्याच खिशात.

असा कागद समोर आल्यावर कोर्टाने काय करावे? १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातील केशकर्तनालयाच्या जागेचा वाद आला. करारात ‘लायसन्स’ लिहिले होते, तरी न्यायालयाने बहुमताने तो भाडेपट्टाच ठरवला. इंग्लिश कॉमन लॉमधून, म्हणजे तिथल्या कोर्टांच्या निकालांतून घडलेल्या कायद्यातून, आलेली कसोटी अशी : मथळा नव्हे, व्यवहाराचे खरे स्वरूप पाहायचे, जागेचा अनन्य ताबा कोणाकडे, हे तपासायचे. कसोटी न्याय्य खरी, पण प्रत्येक खोलीसाठी वेगळा दावा आणि वेगळा पुरावा.

विधिमंडळाने एका तारखेत निकाल लावला. १ फेब्रुवारी १९७३ रोजी निदान एका खोलीचा ताबा असलेला लायसन्सी १९४७ च्या कायद्यातील दुरुस्तीने थेट भाडेकरू मानला गेला; पेइंग गेस्ट वगळले. आदल्या दिवशीपर्यंत परवानगीवर राहणारा माणूस कायमचा झाला. त्यानंतर परक्याला घर द्यायला मालक धजावेनात, यात नवल नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ (अंमल ३१ मार्च २००० पासून) उलट्या दिशेने गेला. राहत्या जागेचा लेखी लायसन्स करार हाच त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा ठरला. म्हणजे कोर्टाने ज्या कागदावर विश्वास टाकायला नकार दिला होता, त्यालाच कायद्याने शेवटचा शब्द दिला. मुदत संपूनही जागा न सोडल्यास दुप्पट शुल्काइतकी भरपाई द्यावी लागते, आणि ताब्यासाठी दिवाणी कोर्टाऐवजी सरकारने नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येते. बदल्यात कराराची नोंदणी सक्तीची झाली, तीही मालकाच्या जबाबदारीवर.

वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवावा लागत नसे, यावरून पडलेली अकरा महिन्यांची प्रथा आता निरर्थक आहे. तरीही एजंट नोंदणीसाठी लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, तेव्हा मुदतीच्या रकान्यात बहुधा ‘११’ आधीच टाइप केलेले असते.